चार टोपणं तेल

माझ्या कोणत्या दाढा कोणत्या महिन्यात काढल्या, हे माझ्या बायकोला तोंडपाठ आहे. माझ्या खिशात काय आहे, मी कुणाशी भांडून आलो, दुपारी कुठं भजी खाल्ली — सगळं तिला घरात पाऊल टाकायच्या आधी कळतं. अशा बाईपासून मी चौदा वर्षं एक गोष्ट लपवली. मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलाव? भावाला ठाऊक नाही, मित्रांना ठाऊक नाही, मठातल्या स्वामींपुढं दरवर्षी डोकं टेकवतो, त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला सांगून राहिलो, कारण — कारण काय, ते मलाच नीट माहीत नाही. ऐका म्हणजे झालं.

मी मन्मथ. उदगीरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. झाडं कापायच्या चेन मशीन मी दुरुस्त करतो. नव्या नाही, बरं का. नव्या प्लास्टिकच्या मशीन कुणीही खोलतो आणि कुणीही बिघडवतो. माझ्याकडं येतात त्या जुन्या — चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, परदेशी, उचलताना कंबर बोलेल अशा वजनाच्या. कुणी वनखात्याच्या लिलावात घेतलेली, कुणाच्या आज्यानं हैदराबादहून आणलेली. ज्या कंपनीनं ती बनवली, त्या कंपनीला स्वतःलाच आता ती आठवत नाही. पार्ट मिळत नाहीत. मग पार्ट शोधायचे, हाच खरा धंदा. दुरुस्ती दोन तासांची, शोध सहा महिन्यांचा. नांदेडच्या भंगारवाल्यांकडं मी ढिगावर बसून जेवलोय. भोकरच्या आरा गिरणीतला माणूस मला फोन करून सांगतो — अप्पा, अमक्याच्या गोठ्यात एक जुनं धूड पडलंय, कडब्याखाली, बघा तुमच्या कामाचं आहे का. आणि मी पहिल्या गाडीनं निघतो. बायको म्हणते, सासऱ्याच्या मयताला एवढी घाई केली नव्हतीत.

बढाई मारतोय असं वाटतंय ना? मारतोयच. बढाईवरूनच तर सगळं झालं.

आमच्याकडं बसवंतअप्पा म्हणून लाकडाचे मोठे व्यापारी. आमच्यातलेच, म्हणजे लिंगायत, वयानं माझ्या वडिलांसारखे. त्यांच्याकडं एक जुनी जर्मन मशीन होती. तिचा आवाज असा, की गडी लोक तिला ‘रेडा’ म्हणायचे. चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी चांगली लांब. चिंचेचं जुनं खोड, ज्याचे खाटकांना ओंडके लागतात, ते या रेड्याशिवाय कुणाच्या बापाला कापता येत नव्हतं. आणि रेडा चालवायचा एकच माणूस — गंगाराममामा.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा नव्हे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, वाळका, लांब हातांचा. आधी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली केलेली. म्हणून मोजायची त्याची रीत मोंढ्यातली — पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. या मशीनला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. नुसतं पेट्रोल दिलं तर आतला पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि चिकटून बसतो. लिटरला चार टोपणं तेल. गंगाराममामाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो मोठ्यानं मोजायचा — लाभ, दोन, तीन, चार. चौथं टोपण ओतलं की बाटलीचं तोंड पुसून कपाळाला लावायचा. वीस वर्षं त्यानं असं केलं. त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं, चेन कुठं ढिली आहे, लाकडात कुठं खिळा आहे. देगलूरहून त्याला गाडी पाठवून बोलवायचे लोक. झाड कुठल्या अंगाला पडेल, हे तो झाडाभोवती एक फेरी मारून सांगायचा आणि झाड तिथंच पडायचं. नांगरटीचं वावर असो की कुणाच्या घराची भिंत — मामा म्हणाला तिथं, म्हणजे तिथंच.

तर रेड्याचा पिस्टन गेला. म्हातारपण, दुसरं काय. बसवंतअप्पा म्हणाले, मन्मथ, होईल का? मी म्हणालो, होईल म्हणजे काय, व्हायलाच पाहिजे. आणि मग आठ महिने शोध. नांदेड पालथं घातलं, हैदराबादला दोनदा गेलो. सगळे हसायचे. शेवटी हिमायतनगरच्या पुढं एका खेड्यात, एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात, तशीच मशीन सापडली. बिनपट्टीची, आत उंदराचं घर. सिलेंडर गंजलेला. पण पिस्टन — काय सांगू तुम्हाला — पिस्टन धड. मी तो हातरुमालात बांधून खिशात घातला आणि येताना एसटीत दर अर्ध्या तासानं चाचपून पाहिला. लग्नाची अंगठी मी एवढी सांभाळली नव्हती.

आता इथून पुढं जरा — थांबा. पाणी पितो.

पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो. बाणाचं टोक सायलेन्सरच्या बाजूला ठेवून तो बसवायचा. उलटा बसला तर पिस्टनच्या रिंगेची टोकं सिलेंडरच्या भोकासमोर येतात. मशीन सुरू होते. चालतेही. एक दिवस, दोन दिवस. मग केव्हातरी रिंगेचं टोक त्या भोकात अडकतं आणि मोडतं. मोडलं की सिलेंडर आतून फाडून ठेवतं. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. माझे उस्ताद, नांदेडचे, अल्ला त्यांना जन्नत देवो — त्यांनी एकदा याच चुकीसाठी मला सगळ्यांदेखत कानफटात मारली होती. “बाण देखा क्या? पहले बाण देख, बाद में बात कर.”

तो पिस्टन माझ्या हातात आला तेव्हा डोक्यावर काजळीचा थर होता. मी तो घासला. लागेल तेवढा घासायचा सोडून मी तो चकचकीत केला, आरशासारखा. का? कारण बसवंतअप्पा येणार होते, त्यांच्याबरोबर मोंढ्यातले दोन अडते येणार होते, आणि मला दाखवायचं होतं — बघा, गोठ्यातल्या उंदराच्या बिळातून मन्मथनं काय काढून आणलं. घासताना बाण पुसला गेला. जुना, झिजलेलाच होता तो. ठीक आहे, बाण नसला तरी रिंगेच्या खाचेजवळ खूण असते, ती बघून बाजू कळते. दोन सेकंदांचं काम. पण तोवर मंडळी आली होती. चहा आला. मी हिमायतनगरची गोष्ट रंगवून सांगायला लागलो — म्हातारा कसा आधी नाही म्हणाला, मी कसा त्याच्या म्हशीचं कौतुक करत बसलो, उंदीर कसा माझ्या बाहीत शिरला. लोक हसत होते. तोंड चाललं होतं, हातही चालले होते. पिस्टन बसला. सिलेंडर बसला. गंगाराममामानं तिथंच, माझ्या दुकानाच्या पायरीवर, पेट्रोलात तेल ओतलं — लाभ, दोन, तीन, चार. मी कानानं ऐकलं. रस्सी ओढली आणि रेडा डुरकला. अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी म्हणालो, “आता ही मशीन तुमच्या नातवाच्या हातात जाईल, अप्पा. मन्मथची जबान आहे.”

तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोतून ती मशीन परत आली. गंगाराममामा बरोबर होता. त्याचं तोंड उतरलं होतं.

“चालता चालता खट्कन थांबली अप्पा,” तो म्हणाला. “ताकद कमी झाली न्हाई, तापली न्हाई, काई न्हाई. खट् केली आन् बंद.”

तुम्हाला या वाक्याचा अर्थ कळला नसेल. मला कळला. तेल कमी पडलं तर मशीन आधी दमते, आवाज जड होतो, गरम होते, मग थांबते. एकाएकी खट् करून थांबते ती रिंग मोडून. मामानं नुसत्या कानानं सगळं बरोबर सांगितलं होतं. मी म्हणालो, “मामा, तुम्ही चहा पिऊन या. मी बघतो.”

तो गेला. मी सायलेन्सर काढला. भोकातून आत बघितलं. रिंगेचं मोडकं टोक बरोबर भोकासमोर, माझ्याकडं बघत. सिलेंडरच्या भिंतीला उभी खाच. दुकानात मी एकटा होतो. रस्त्यावर उन्हात एक कुत्रं तेवढं होतं. मी काय करायला हवं होतं, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? अप्पा, चूक माझी झाली, एवढंच म्हणायचं होतं. सहा शब्दसुद्धा नाहीत. लोक चार दिवस हसले असते. मन्मथनं पिस्टन उलटा बसवला — शिकाऊ पोराची चूक. आठ महिने शोध आणि दोन सेकंद बघितलं नाही. हसले असते आणि विसरले असते. नसतेही विसरले कदाचित. पण काय झालं असतं, सांगा ना? काय झालं असतं?

मी सिलेंडर काढला. लॉक काढून पिन सरकवली आणि पिस्टन फिरवून सरळ केला. मोडकी रिंग काढून रेड्याच्या जुन्या पिस्टनची रिंग तिच्या जागी चढवली. मग खरखरीत पॉलिश पेपर घेऊन सायलेन्सरच्या बाजूनं पिस्टनवर आणि सिलेंडरच्या आत ओरखडे पाडले, तेलाशिवाय चालली की पडतात तसे. ती उभी खाच त्यात मिसळून टाकली. तेलाचा ओलसरपणा पेट्रोलनं धुऊन काढला. घाईत नाही केलं हे. मला तुम्हाला सांगावंसं वाटतं की घाबरलो होतो, हात थरथरत होते, काय करतोय कळत नव्हतं. खोटं आहे. हात अगदी स्थिर होते. त्या दिवशी पिस्टन बसवताना द्यायला हवं होतं तेवढं लक्ष मी हे करताना दिलं. दहा मिनिटं लागली.

मामा परत आला तेव्हा त्याच्या हातात माझ्यासाठी चहाचा ग्लास होता, वरून पुठ्ठ्यानं झाकलेला. मी तो घेतला आणि प्यालो.

पाचच्या सुमारास बसवंतअप्पा आले. ते दोन अडतेही आले, त्या दिवशी हसणारे. मी पिस्टन हातात धरून दाखवला. म्हणालो, “तेल न्हाई. नुसतं पेट्रोल गेलंय.” एवढंच. मी कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच काय होती? तेल ओतणारा एकच माणूस होता आणि तो समोर उभा होता.

“म्या टाकलो व्हतो,” गंगाराममामा म्हणाला. आधी त्याला वाटलं मी चुकून बोललो. हसल्यासारखं केलं त्यानं. “अप्पा, आईच्यान टाकलो व्हतो. मशीन तापलीच न्हाई, मन्मथअप्पा. खट् करून —”

आणि मी म्हणालो, “तुला काय कळतंय रे यातलं?”

आयुष्यात मी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. माझी मुलं त्याच्या पाया पडायची.

आता बसवंतअप्पांबद्दल तुमचा गैरसमज व्हायला नको. ते न्यायाचे माणूस. त्यांनी मामावर लगेच आरोप केला नाही. उलट म्हणाले, “गंगाराम वीस वर्षं माझ्याकडं आहे. मन्मथ आमच्यातला, म्हणून मी त्याची बाजू घेणार न्हाई.” मग माझ्याकडं वळले. “मन्मथ, लिंगावर हात ठेवून सांग.”

आमच्या गळ्यात लिंग असतं, तुम्हाला माहीत असेल. चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधलेलं. लहानपणी बांधतात. रोज सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा. अंगावरून ते कधी उतरत नाही. मेल्यावर माणसाला बसवून मातीत ठेवतात, तेव्हाही ते त्याच्याजवळच असतं. त्यावर हात ठेवून आमच्यात कुणी खोटं बोलत नाही. बोलत नाही म्हणजे — बोलतच नाही. तशी कुणाला कल्पनाच येत नाही.

मी सदऱ्याच्या आत हात घातला. डबी गरम होती, अंगाची ऊब. मी म्हणालो, “लिंगावर हात ठेवून सांगतो. यात तेल नव्हतं.”

काही झालं नाही. वीज पडली नाही की जीभ झडली नाही. रस्त्यावरून एक ऑटो गेला, त्यात कसलंतरी गाणं चालू होतं.

मला वाटलं होतं मामा आता भांडेल. शिव्या देईल, पिस्टन हिसकून घेईल, दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा म्हणेल. त्याची मला खरी भीती होती. लातूरला एक होता, त्यानं नीट बघितलं असतं तर पॉलिश पेपरचे ओरखडे ओळखले असते. पण मामा नुसता माझ्याकडं बघत राहिला. डोळ्यांत राग नव्हता. त्याची बोटं हलत होती, अंगठा एकेका पेरावर ठेवून तो मोजत होता. ओठ हलत होते. मग तो हळूच म्हणाला —

“आज सकाळी फोन आल्ता. धाकल्या लेकीचा, हिमायतनगरहून. मोजताना आल्ता. बोललो तिच्याशी... तवाच ऱ्हायलं आसंल.”

“बघ,” एक अडत्या म्हणाला.

“तसंच झालं आसंल,” मामा म्हणाला. आणि मग — हे मी कधी विसरलो नाही, कधी विसरणार नाही — तोच बसवंतअप्पांना समजावायला लागला. “लिंगावर हात ठिवून मन्मथअप्पा खोटं कशाला बोलतील, मालक? माझीच गलती. म्याच इसरलो.” माझ्याकडं वळून त्यानं हात जोडले. “तुमी आठ मयने फिरलाव त्याच्यासाठी. माफ करा अप्पा.”

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “जाऊ द्या मामा. होतं माणसाकडून.”

माफ केलं मी त्याला! ऐकताय ना?

त्या दिवशी मशीन संपली. तसा सिलेंडर पुन्हा मिळाला नाही. मी शोधला, खोटं कशाला बोलू, चार वर्षं शोधला. सापडला असता तर रेडा परत उभा केला असता आणि मनाला सांगितलं असतं की भरपाई झाली. तेही झालं नाही. पुढं सुटे भाग करून ती गेली. तिचा कार्बोरेटर आजही भोकरच्या एका मशीनवर चालतो.

पण मशीनचं सोडा. लोखंडच ते. बसवंतअप्पांनी मामाला कामावरून काढलं नाही, नवी मशीन आणून दिली. मामानंच ती घेतली नाही. म्हणाला, माझ्या हातावर भरवसा न्हाई आता. दुसऱ्या व्यापाऱ्यांनी बोलावलं, देगलूरहून गाडी आली, गेला नाही. त्यानंतर त्यानं आयुष्यात रस्सी ओढली नाही. फांद्या ओढायचा, दोर बांधायचा, ट्रॅक्टरमध्ये लाकडं भरायचा — जे काम विशीतली पोरं करतात ते पन्नाशीत करायला लागला. झाड कुठं पडेल विचारलं तर म्हणायचा, “तुमीच बघा.” आणि घरी — हे त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं, हसत-हसतच सांगितलं — घरी कुलूप लावलं तरी चार-चार वेळा मागं येऊन ओढून बघायचा. भाजीत मीठ टाकलं का म्हणून बायकोला तीनदा विचारायचा. रस्त्यात भेटलेल्याला विचारायचा, मगाशी मी तुमाला राम राम केलो का? बायको मला हे सांगत होती आणि मी भाकरी चावत होतो. ती म्हणाली, वय झालं की होतं असं. मी म्हणालो, हाव.

एका माणसाला स्वतःच्या हाताबद्दल, डोक्याबद्दल खात्री होती. ती मी काढून घेतली. मारामारीत कुणाचा हात तोडला असता तर निदान दिसला असता.

आणि माझं काय झालं? भलं झालं. मन्मथ लिंगावर हात ठेवून बोलतो, असं नाव झालं. मशीन कुणामुळं बिघडली, यावर दोन भागीदारांचं भांडण झालं की लातूर-नांदेडहून लोक माझ्याकडं यायला लागले — मन्मथअप्पा सांगतील ते कबूल. मी खोलून बघतो आणि सांगतो. त्यानंतर मी एकदाही खोटं बोललो नाही, पण त्याचं काय लोणचं घालायचं? रोज सकाळी लिंग तळहातावर घेतो. बेल वाहतो. ओठांनी मंत्र म्हणतो. लाज वाटते. पहिली दोन वर्षं भीती वाटायची, आता नुसती लाज वाटते, आणि काही सकाळी तीही वाटत नाही. पूजा उरकून मी पोहे खातो. हे सगळ्यात वाईट आहे का? असेल.

सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. कितीदा ठरवलं. बसवंतअप्पा आजारी होते तेव्हा त्यांच्या खाटेशी बसून ठरवलं. ते गेले. मग वाटलं, आता कुणासाठी सांगायचं? जसं काही मामा कुणी नव्हताच.

आणि आता मागच्या महिन्यातलं सांगतो, मग झालं.

दुपारची वेळ. मी प्लग साफ करत बसलो होतो. गंगाराममामा आला. काठी टेकत, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याची बायको मागच्या साली वारली. म्हणाला, हिमायतनगरला चाललो, लेकीकडं, कायमचा. चारची गाडी आहे. सगळ्यांना भेटून घेऊलालो.

मी बाकावर जागा करून दिली. चहा मागवला. तो बराच वेळ इकडंतिकडं बघत राहिला, भिंतीवर टांगलेल्या जुन्या पट्ट्यांकडं. मग म्हणाला, “अप्पा, एक इचारू? राग येऊ देऊ नका.”

मला कळलं. तो तोंड उघडायच्या आधी कळलं.

“त्या दिशी... रेड्याचं. तुमी आतून बघिटलाव. किती कमी व्हतं तेल? म्या काईच टाकलो न्हाई का? का टाकलो व्हतो थोडंतरी?” तो काठीच्या मुठीवर अंगठा घासत होता. “लई मोजून बघिटलो अप्पा. दर बारीला फोन येतो आन् पुढचं काईच आठवत न्हाई. डोकं तवापासूनच गेलं व्हतं का माझं?”

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. बसवंतअप्पा नव्हते, अडते नव्हते, नाव जायला समोर कुणीही नव्हतं. समोर एक म्हातारा होता, ज्याला चारच्या गाडीनं जायचं होतं आणि परत यायचं नव्हतं. चौदा वर्षं मी जे वाक्य पाठ करत होतो ते अगदी ओठावर होतं. मामा, पिस्टन मी उलटा बसवला होता. यापेक्षा सोपी वेळ देव तरी आणखी कशी देणार?

मी म्हणालो, “टाकलं होतंत मामा. तीन टोपणं टाकली होती. एकच कमी पडलं.”

“तीन?”

“हाव. एकच चुकलं.”

“आईच्यान?”

“आईच्यान.”

म्हातारा रडायला लागला. आणि रडता रडता हसायला लागला. “म्हंजी टाकलो व्हतो! तीन टाकलो व्हतो! म्या म्हणत व्हतो अप्पा, हात इसरत न्हाई... एकच गेलं...” तो उठला. काठी खाली पडली. मी उचलून देईपर्यंत तो वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस. मी त्याला धरून उठवलं, पण वाकल्यावर. आधी नाही.

“देव भलं करो तुमचं,” तो म्हणाला, आणि पायरी उतरून गेला.

शेजारीच चहाची टपरी आहे. मला तो दिसत नव्हता, पण आवाज येत होता. टपरीवाला पोरगेला, परभणीकडचा, दोन वर्षांपूर्वी आलेला. त्याला रेडा काय आणि बसवंतअप्पा कोण, काही माहीत नाही. मामा त्याला सांगत होता, मोठ्यानं, एखाद्याला नातू झाल्यासारखं — “ऐकलाव का? तीन टाकलो व्हतो म्या! एकच टोपण कमी पडलं. मिस्त्रीनं सोता सांगिटलं!” पोरगा म्हणाला, “बरं झालं की बाबा.” मग मामानं तेच रिक्षावाल्याला सांगितलं. रिक्षावाल्यानं विचारलं, कशाचं टोपण? आणि मामा त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागला, स्वतःची चूक आधी.

त्यानं चारही टोपणं टाकली होती.

मी आत बसून सगळं ऐकलं. रिक्षा सुरू होईपर्यंत तो बाहेरच होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही.